अर्धं घर

आईचं लग्न ठरलं तेव्हा मी एका तिसऱ्या मजल्यावरून फ्रीज उतरवून घेत होते. खिशात फोन थरथरत होता आणि पैलवान जिन्याच्या वळणावर फ्रीजखाली अडकून, ताई उजवीकडे, ताई उजवीकडे, असं म्हणत होता. तो काडीसारखा आहे म्हणून त्याला पैलवान म्हणतात. फ्रीज एकदाचा खाली गेला, मी पायरीवर बसले आणि फोन घेतला. आई म्हणाली की त्यांनी विचारलं आणि ती हो म्हणाली. मग लगेच म्हणाली, येताना ब्रेड आणशील का. मी हो म्हटलं. दोन्हींना मिळून माझा एकच हो झाला.

मी सामान हलवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. लोक घर बदलतात, आम्ही त्यांचं घर खोक्यांत भरतो, ट्रकमध्ये चढवतो आणि दुसरीकडे नेऊन मांडतो. लोकांना वाटतं हे पाठीचं काम आहे. पाठ दुखतेच, पण जीव जातो तो माणसांपायी. सामान बांधायला लागलं की नवरा-बायको लग्नाच्या पहिल्या वर्षातली भांडणं उकरून काढतात, कुणी रिकाम्या बरण्या छातीशी धरून बसतं, कुणी ऐन वेळी म्हणतं आम्हाला जायचंच नाही. संध्याकाळी घरी पोचले की मला तोंड उघडायचंही त्राण नसतं. आईला ते ठाऊक आहे. ती चहाचा कप पुढे ठेवते आणि रेडिओचा आवाज कमी करते.

माझा संसार मोडला तेव्हा मी दोन बॅगा घेऊन तिच्या दारात उभी राहिले, त्याला आता बरीच वर्षं झाली. बाबा त्याआधीच गेले होते. तेव्हाही तिने काही विचारलं नाही. आपल्या लाकडी कपाटातला अर्धा भाग रिकामा केला आणि म्हणाली, हे तुझं. तेव्हापासून आमचं दोघींचं बरं चाललं होतं. आता या घरात कुणी लग्न करेल, आणि तेही आई, हे काही माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

नवरदेव म्हणजे चष्मेवाले. आमच्या चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मोतीबिंदू काढल्यावर आईला नवा चष्मा लागला आणि त्या चष्म्याची दांडी सारखी सैल व्हायला लागली. दर आठवड्याला स्क्रू पिळून आणावा लागे, आणि स्क्रू पिळायला आईला केस विंचरून जावं लागे. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, पण मी दमून आलेली असायचे, मला काही कळलं नाही. पुढे ते दुकान आवरून आपल्या गावी गेले. गाव अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर, तिथे त्यांचं बैठं घर, पुढच्या खोलीत लहानसं दुकान. ते गेल्यावर आईची दांडी एकदाही सैल झाली नाही. तिचं जेवण मात्र निम्म्यावर आलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

माणूस भला आहे. बायको जाऊन खूप वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आवाज चढवायची सवय नाही. अडचण एवढीच की त्यांना हाक काय मारायची. काका म्हणावं तर ते आईचे नवरे होणार, बाबा म्हणायला माझी जीभ वळेना, आणि अहो म्हणावं तर तो आता आईचा हक्क. म्हणून मी त्यांच्याशी प्रत्येक वाक्य 'बरं का' असं म्हणून सुरू करायचे. ते हसून ऐकून घ्यायचे.

आईला लग्न हवं होतं, समारंभ नको होता. सही करू आणि घरी येऊ, असं तिचं म्हणणं. ते मामीने हाणून पाडलं. दुसरं असलं तरी लग्न आहे, हॉल हवा, फुलं हवीत, नवे कपडे हवेत, माणसं हवीत. मामी राहते लांब, गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाही, त्यामुळे हे सगळं हवं होतं ते फोनवरून. उंटावरून शेळ्या हाकणं तिला स्वतःच्या लग्नाआधीपासून येतं. शेळी मी होते. साठी बुद्धी नाठी असं शेजारपाजारचे कुजबुजायला लागले होतेच, त्यांच्या नाकावर टिच्चून थाटात करायचं, असा मामीचा पण होता. पण तिचा, पाय माझे.

मामी रोज सकाळी फोनवर चित्रांचा ढीग पाठवायची. फुलांच्या कमानी, दिव्यांच्या माळा, पायऱ्या उतरणाऱ्या सडपातळ नवऱ्या. वर लिहिलेलं असायचं, 'लग्नासाठी प्रेरणा'. आईने चष्मा सावरून ते वाचलं आणि मला विचारलं, "ही प्रेरणा कोण? तुझ्या कंपनीतली का?"

त्यानंतर आमच्या घरात प्रेरणा ही एक बाईच झाली. फोन वाजला की आई म्हणायची, बघ गं, प्रेरणा उठली वाटतं. हॉल पसंत पडला नाही की प्रेरणाला आवडेल का ते विचार. कष्टाच्या दिवसांत एवढाच काय तो विरंगुळा होता.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी हॉल बघायला निघायचो. पहिल्याच ठिकाणी मॅनेजर उठून उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, नवरीसाठी पंख्याखालची खुर्ची द्या. मी पुढे होऊन सांगितलं की नवरी मी नाही, ही. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरचा कागद सरळ केला. पुढे प्रत्येक ठिकाणी हेच झालं. फुलवाल्याने मला विचारलं ताईंना कोणता रंग आवडतो, फोटोवाल्याने माझी हनुवटी वर केली. सुरुवातीला मी चूक दुरुस्त करायचे आणि आई कौतुकाने हसायची. पुढे पुढे मी बोलायच्या आतच तिने मान खाली घालायला सुरुवात केली. एका हॉलमध्ये तर तिला कुणी 'नवरीच्या आई' म्हटलं आणि तिने सरळ हुंकार भरला. बाहेर आल्यावर मी चिडले. ती म्हणाली, दर वेळी कोण सांगत बसणार, पाय दुखतात माझे.

कपड्यांच्या दुकानातही तेच. दुकानातल्या बाईने माझ्या खांद्यावर भराभर कापडं टाकली, एकाहून एक भडक. मी सांगितल्यावर तिने सगळी कापडं गोळा केली आणि खालच्या फळीवरून दुसरा गठ्ठा काढला. राखाडी, मातकट, धुरकट. वयाला शोभतील असे रंग, म्हणाली. मी भांडायच्या बेतात होते, पण आईच पुढे झाली.

"यातलाच दाखवा," ती म्हणाली. "मळखाऊ असला म्हणजे झालं. पुढे रोज वापरता येईल."

लग्नाला मळखाऊ कापड मागणारं गिऱ्हाईक त्या बाईने आयुष्यात पाहिलं नसावं. मला मात्र नवल वाटलं नाही. आमच्या घरातले पडदे मळखाऊ, चादरी मळखाऊ, भिंती मळखाऊ. माझे शाळेचे कपडे सोडले तर आईने आयुष्यात धूळ दिसेल असं काही विकत घेतलेलं नाही. त्या दिवशी आम्ही काहीच न घेता परत आलो. मामीला मी कळवलं, प्रेरणा सापडली नाही.

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती मला आधीपासून माहीत होती. आई लग्न करत होती, पण जात नव्हती. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की थोडे दिवस तिकडे राहायचं, थोडे दिवस इकडे. तिचं कपाट इथेच राहणार, खाट इथेच, शिलाई मशीन इथेच. न्यायची ती फक्त एक बॅग. हे तिने मला एकदा भाजी चिरताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. तुझी जेवणाची आबाळ नको, म्हणाली. मी म्हटलं, बघ तुझं तू.

आतून मला इतकं हायसं वाटलं की मी दोन घास जास्त जेवले. खोटं कशाला बोलू. दिवसभर दुसऱ्यांची घरं रिकामी केल्यावर संध्याकाळी आपल्या घरात कुणीतरी दिवा लावून बसलेलं असावं, एवढंच मला हवं असतं. आई थोडी तरी उरणार होती.

पण माझ्या धंद्यात अशा प्रकाराला एक नाव आहे. आम्ही त्याला 'अर्धं घर' म्हणतो. काही गिऱ्हाईकं सगळं सामान नेत नाहीत. एक खाट, एक शेगडी, चार भांडी, एक आरसा मागे ठेवतात. अधूनमधून येऊ म्हणतात. अर्धं घर निघालं की पैलवान ट्रकच्या मागे माझ्या कानाशी येऊन सांगतो, ताई, हे पुन्हा बोलावणार. आणि बोलावतातच. नव्या घरी आरसा नाही म्हणून तिथे मन लागत नाही, जुन्या घरी माणसं नाहीत म्हणून इथे लागत नाही. मग कुणीतरी एकटंच परत येतं, किंवा तिथलंही मोडतं.

त्याच आठवड्यात आम्ही असंच एक घर उचललं. एक बाई मुलाकडे राहायला चालल्या होत्या. मोठी खोली तशीच कुलूप लावून ठेवणार होत्या. मी सवयीने विचारलं, हे सगळं राहू देणार का. त्या म्हणाल्या, राहू दे, म्हणजे मुलाच्या घरी काही बोलाचाली झाली तर निघून यायला बरं. किती सहज म्हणाल्या. अजून तिथे पोचल्या नव्हत्या आणि परतीची तयारी झाली होती. मी खोकी बांधत राहिले, पण दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

चष्मेवाले हॉलच्या कामासाठी शहरात आले होते. आई डॉक्टरकडे गेलेली, म्हणून मीच त्यांच्याबरोबर हॉल पाहिला. तिथल्या खुर्च्यांवर आम्ही दोघं बसलो. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. डोळ्यांवरचा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"आतल्या खोलीतली एक भिंत मी मोकळी ठेवली आहे," ते म्हणाले. "तिचं कपाट येईल म्हणून. आता ती म्हणते बॅग आणते. आता एवढ्या मोठ्या भिंतीला बॅग टेकवून कशी ठेवायची?"

मी म्हटलं, बरं का, आईच्या मनात तसं काही नाही, माझ्यासाठी जीव तुटतो तिचा.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण मला घरात पाहुणी नकोय. पाहुणीची सेवा करायला मी कमी पडणार नाही, पण मला पाहुणी नकोय. आणि हे मी तिला सांगू शकत नाही. मी सांगितलं तर ती लग्नालाच नाही म्हणेल. सांगायचं तर तुम्ही."

त्यांनी मला कधी अगं-तुगं केलं नाही, त्या दिवशीही नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मी काहीच कबूल केलं नाही. घरी आले, आईने चहा ठेवला, रेडिओचा आवाज कमी केला, आणि मला वाटलं, हे कशासाठी हातचं सोडायचं. त्यांची भिंत मोकळी राहिली तर राहू दे. माझ्यावर काय उपकार आहेत त्या भिंतीचे. दोन दिवस मी या विचारावर काढले. पण कुलूप लावलेली ती मोठी खोली डोळ्यांसमोरून हलेना. आई तिकडे काही लहानसं बोलणं झालं की बॅग उचलून येणार, मी दार उघडणार, मला आनंद होणार. आणि आपल्याला कशाचा आनंद होणार आहे हे एकदा कळलं की मग स्वस्थ बसवत नाही.

त्या गावाच्या दिशेने कंपनीचा एक ट्रक निम्मा रिकामा जाणार होता. दुपारी मी पैलवानाला आणि आणखी एकाला घेऊन घरी आले. आई खाटेवर बसून मटार सोलत होती. त्यांच्या हातातले दोर तिने पाहिले.

"कुणाचं सामान आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तुझं.

ती उठली नाही. मटारांचं भांडं मांडीवर तसंच. पैलवान दारातच थबकला. तो असे प्रसंग रोज बघतो, पण ताईंच्या घरात बघायची वेळ पहिलीच.

"माझं कपाट हलवायचं नाही," आई म्हणाली. "मी राहायला आले की कपडे कुठे ठेवू?"

"बॅगेत. पाहुणे ठेवतात तसे."

"मी पाहुणी?"

"इथली. तिथली नाही."

हे मी गिऱ्हाईकाशी बोलावं तितक्या कोरडेपणाने बोलले. दुसरा आवाज लावला असता तर तो फुटला असता. आईने मटाराची एक शेंग हातात धरून ठेवली होती, ती सोलत नव्हती.

"आणि तुझं काय?" ती हळूच म्हणाली.

माझं मी बघेन असं म्हणतात लोक, पण ते नुसतं म्हणायचं असतं. मी कपाटाकडे गेले आणि माझ्या बाजूचे कपडे काढून खुर्चीवर टाकायला लागले. मागे आई मटार बाजूला ठेवून उठली. मला वाटलं ती अडवणार. पण ती शेजारी येऊन उभी राहिली आणि आपल्या बाजूचे कपडे काढायला लागली. आम्ही दोघींनी मिळून कपाट रिकामं केलं.

ते कपाट कुणीही कधी हलवलं नव्हतं. पैलवानाने खाली फडकं सारलं, दोघांनी खांदा लावला, आणि कपाट भिंतीपासून सुटलं. घरं हलवणाऱ्यांना हे नवं नाही. जड सामानाच्या मागे भिंतीचा जुना रंग राहून गेलेला असतो. रंगाऱ्यांना कपाट हलवायचा कंटाळा येतो, ते त्याच्या कडेकडेने हात फिरवून मोकळे होतात. हजार घरांत पाहिलं आहे मी. आपल्या घरात पाहायचं कधी सुचलं नाही.

मागे डाळिंबी रंग होता. लख्ख, गडद डाळिंबी, कपाटाएवढा उभा तुकडा, आणि भोवती आमची नेहमीची मातकट भिंत. पैलवान म्हणाला, वा.

आई हसली. गेल्या कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. म्हणाली, हा मी निवडला होता. या घरात आले तेव्हा. तुझे बाबा म्हणाले होते, हे घर आहे की नाटक, पण त्यांनीच एका सुट्टीत सगळी खोली रंगवून दिली. लोक बघायला यायचे. संध्याकाळी दिवा लावला की माणसंसुद्धा गुलाबी दिसायची.

मी विचारलं, मग बदलला का.

"तू भिंत धरून चालायला लागलीस," आई म्हणाली. "सगळीकडे तुझे हात उमटायचे. मग मळखाऊ दिला. नंतर सवयच लागली."

तिने हे तक्रारीने म्हटलं नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हटलं. मला मात्र तिथे उभं राहवेना. एवढी वर्षं मी समजत होते की आईची आवडच तशी, मुळातली, मातीच्या रंगाची. तिला विचारायला हवं होतं असंही नाही, कपाट तरी एकदा ओढून बघायला हवं होतं. माझं तर कामच ते.

आई भिंतीजवळ गेली, हात लावला, आणि म्हणाली, "मामीला कळव, प्रेरणा घरातच होती. कपाटामागे बसली होती."

पैलवानाने किल्लीच्या टोकाने रंगाचा एक पोपडा सोडवला आणि कागदात बांधून आईच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही तो घेऊन त्याच कपड्यांच्या दुकानात गेलो. दुकानातली बाई पोपडा हातावर घेऊन फळ्यांकडे बघत राहिली, मग शिडी लावून वरून एक कापड काढलं. रंग हुबेहूब नव्हता, पण त्याच घरातला होता. आईने ते खांद्यावर घेतलं आणि आरशासमोर उभी राहिली. दुकानातल्या बाईने धंद्याला जागून आधीच सांगितलं की यावर मळ लगेच दिसेल.

"दिसू दे," आई म्हणाली.

कपाट, खाट आणि मशीन गावी पोचलं. चष्मेवाल्यांनी फोन करून एवढंच सांगितलं की कपाट भिंतीला बसलं. लग्नापर्यंतचे दिवस आई माझ्या पलंगावर माझ्या शेजारी झोपली. घर निम्मं रिकामं, बोललं की आवाज घुमायचा, म्हणून आम्ही कमी बोलायचो. पण तिचं अजून चालूच होतं. निदान माझी एक उशी राहू दे. निदान दात घासायचा ब्रश. निदान घरच्या चपला दाराशी असू देत, म्हणजे कुणी आलं तर वाटेल घरात माणसं आहेत. मी एकेक वस्तू बॅगेत भरत होते आणि ती एकेक काढून ठेवत होती. लहान मुलं खेळतात ना तळ्यात-मळ्यात, तसं. शेवटी माझा हात दुखला आणि मी चपला तशाच राहू दिल्या.

लग्न झालं. सरकारी कचेरीत सह्या, मग हॉलमध्ये जेवण. मामी गुडघे विसरून आली आणि सगळ्यांना खुर्च्यांवरून उठवत-बसवत राहिली. फोटोवाल्याने या खेपेला योग्य माणसाची हनुवटी वर केली. डाळिंबी रंगात आई अशी दिसत होती की मला दोनदा बघावं लागलं. लोक मला म्हणत होते, छान केलंस हो सगळं. मला फक्त बूट काढून कुठेतरी आडवं व्हायचं होतं.

दुपार कलली तेव्हा आम्ही तिघं आमच्या घराखाली आलो. बॅग घ्यायची राहिली होती. मी वर जाऊन ती घेऊन आले, आणि दाराशी दिसल्या म्हणून चपलाही घेतल्या. गाडीच्या मागच्या सीटवर त्या ठेवल्या. आईने पाहिलं. चष्मेवाले पुढे बसून समोरच्या काचेकडे बघत होते, काचेवर काही नसताना.

आईने माझ्या गालावरून हात फिरवला. दूध संपलंय म्हणाली. खिडकीची कडी नीट लावत जा म्हणाली. मग दार उघडलं, एक पाय आत ठेवला, आणि रोज बाजारात निघताना म्हणायची तसं म्हणाली, "बरं, येते गं."

आपल्यात निघताना कुणी जाते म्हणत नाही. येते म्हणायचं. जाते म्हणणं अभद्र, तोंडातून निघालं तर मोठी माणसं लगेच हटकतात. ही साधी रीत आहे, आईने साधेपणानेच म्हटलं होतं. मी मान हलवली असती तर गाडी निघाली असती. आणि मला तो शब्द हवा होता, फार हवा होता. येते म्हणजे परत येईन. पण तिचा एक पाय अजून रस्त्यावर होता, आणि पुढे बसलेला तो माणूस श्वास रोखून बसला होता.

"येते नको म्हणूस," मी म्हटलं. "जाते म्हण."

"असं म्हणू नये."

"माहीत आहे मला. तरी म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलं. चष्म्यामागे तिचे डोळे मोठे दिसत होते. रस्त्यावरून एक सायकल गेली, कुणीतरी वरच्या मजल्यावरून पाणी ओतलं. मला वाटलं ती ऐकणार नाही, दुसरा पायही बाहेर काढेल आणि म्हणेल, चल, आज नाही जात मी. आणि तसं झालं असतं तर मी तिला नेलं असतं वर. माझ्यात आणखी जोर उरला नव्हता.

"जाते," आई म्हणाली.

तिने पाय आत घेतला आणि दार स्वतःच ओढून लावलं. गाडी निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि तिने ते मुद्दाम केलं हे मला कळलं.

मी वर आले, बूट काढले आणि जमिनीवरच बसून रडले. काय झालं म्हणून विचारणारं घरात कुणी नव्हतं, त्यामुळे बराच वेळ रडले.